काल आमचं नाव आलं नाही

रविवार, २८ सप्टेंबर

आजपासून आमच्या चर्चच्या रविवार शाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. साळवीबाई मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या. उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "सुवार्ता, तू बी.ए. झालीस, वयाने लहान आहेस. मुलं तुझं ऐकतील." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत.

तीस नोव्हेंबरला बिशपसाहेब येणार. त्या दिवशी दृढीकरण. आपण तान्हे असताना आईबाबांनी बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीने जे कबूल केलं, ते आता मुलांनी सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. मग त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो. प्रश्नोत्तरं पाठ करून मुलं उभी राहतात हे मला पहिल्यापासून पटत नाही. मी पण तशीच उभी राहिले होते. विश्वास माणसाकडून माणसाकडे जातो, पुस्तकाकडून नाही. म्हणून या वर्षी आमच्या वर्गात साक्ष होणार. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते प्रत्येकाने सांगायचं, ऐकायचं. मी फार उत्साहात घरी आले.

वर्गात सहा मुलं. त्यातली एक माझी धाकटी बहीण श्रेया, अकरावी सायन्स.

जेवताना तिने मटणाचं हाड बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ताई, दृढीकरणाला माझं नाव देऊ नकोस. मी नाही उभी राहणार."

आईचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

श्रेयाशी आज नीट बोलायचं ठरवलं होतं. झालं भांडण.

"मला काही वाटतच नाही, ताई. सगळे डोळे मिटतात. मी मिटले की मला फिजिक्स दिसतं."

"प्रयत्न केलास का?"

"प्रयत्न करून वाटायला ते काय बद्धकोष्ठ आहे?"

आजी तोंडाला पदर लावून हसली. मी आजीवर पण चिडले. बाबा बसडेपोतून दमून आले होते. ते एवढंच म्हणाले, "राहू दे गं, पुढच्या वर्षी." पण पुढच्या वर्षी बारावी, मग कुठलं तरी हॉस्टेल, मग कोण चर्चला येतंय? माझ्या बरोबरीच्या किती जणी आता फक्त नाताळला दिसतात. स्वतःच्या बहिणीला जिला देता आला नाही, ती बाकीच्या पाच जणांना काय विश्वास देणार?

आणि एक, इथे लिहायला हरकत नाही. मला तरी डोळे मिटल्यावर काय दिसतं?

रविवार, ५ ऑक्टोबर

वर्गात फळ्यावर साक्षीचे तीन भाग लिहिले : आधी, वळण, नंतर. म्हटलं, पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपली साक्ष तयार करून आणा.

घरी येऊन माझीही लिहायला बसले. आधी : काळाचौकीत जन्मले, दर रविवारी चर्चला गेले. नंतर : दर रविवारी चर्चला जाते. वळण सापडेना. चर्चच्या साक्षसभेत लोक काय एकेक सांगतात. कोणी गाडीखालून वाचलेलं, कोणाची दारू एका रात्रीत सुटलेली. आमच्या घरात कोणी दारूच पीत नाही. पंचाईतच आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

फजिती.

पहिला अमित उठला. वय चौदा. "मी आधी फार व्यसनी होतो."

"कसला?"

"म्हणजे... मोबाईलचा. पण साक्षीत नुसतं व्यसनी म्हणायचं ना?"

मग अपेक्षा. "मी घोर अंधारात होते."

मी विचारलं, कधी? तर म्हणाली, मागच्या मे महिन्यात, लिफ्टमध्ये, लाईट गेली होती तेव्हा. पण तिने लिफ्टमध्ये खरोखर प्रार्थना केली होती, हे तिने नंतर हळूच सांगितलं. तिला वाटलं, ते मोजत नाहीत. एका मुलीने तर आपल्या काकांची पूर्ण साक्ष स्वतःच्या नावावर सांगितली, तुरुंगासकट.

शेवटी श्रेया. "माझं आधी आणि नंतर सेम आहे. म्हणजे मी नापास का?"

मुलं हसली. मी वर्ग सोडला. चूक माझीच. आम्ही चर्चच्या घरातली मुलं. वळण मागितलं की बिचारी ते कुठून तरी उसनं आणणार. घरी आल्यावर श्रेयाला चहा करून दिला. "खोटं बोलली नाहीस, ते बरं केलंस" असं म्हणायचं होतं. म्हटलं, "साखर कमी आहे का बघ."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सुचलं! मुलांच्या साक्षी नकोतच. आधी मोठ्यांची साक्ष ऐकवायची. आणि घरातच आजी आहे.

आजी नगरकडची. वयात येताच लग्न होऊन मुंबईला आली, इस्पितळात आया म्हणून जन्म गेला. मंडळीत सगळे तिला मार्थाबाई म्हणून मान देतात, पण ती साक्षसभेत कधी उभी राहिलेली मी पाहिली नाही. तिची प्रार्थना मात्र रोज. संध्याकाळी साडेआठला टीव्ही बंद, सगळे खाली सतरंजीवर. अगदी खरं लिहायचं तर मला त्या प्रार्थनेची थोडी लाज वाटते. तिला ना सुरुवात ना शेवट. आजचीच लिहून ठेवते :

"हे दयाळू बापा, दिवस दिलास, उपकार. वसंताची डबल ड्यूटी बंद कर. शांताची कंबर. दोन्ही पोरींना सांभाळ. कोंडीरामाचा गुडघा तुला ठाऊकच आहे, काल सांगितला, आज पण सांगते. राधाच्या डोळ्यांचं बघ. वरच्या निलेशला इंटरव्ह्यूत विंग्रजी सुचू दे. जयवंताचं ते... तुला ठाऊक आहे. शांता, कुकर. झाल्या शिट्ट्या. हे बापा, खालच्या वॉचमनची पोरगी..."

असा मजल्यामागून मजला. आमची चाळ, तिच्या भिंती म्हणजे नावाला. देवाला ठाऊक असलेलं जयवंतकाकांचं ते सगळ्या मजल्यालाही ठाऊक आहे.

आमेन झाल्यावर मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "मी कसली साक्ष देणार? जन्मभर बेडपॅन धुतले. त्यात वळण कुठलं?"

मी हट्ट सोडला नाही. शेवटी कबूल झाली. दोन नोव्हेंबरचा रविवार. श्रेयाही ऐकेल. आजीचं ती कधी टाळत नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आजीचा घसा पूर्ण बसला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राला सूज आहे, घाबरण्यासारखं नाही, पण महिनाभर बोलणं बंद, कुजबुजणंसुद्धा नाही. आजीने पाटीवर खडूने लिहिलं, "डॉक्टर चांगला दिसायला." म्हणजे तब्येत ठीक आहे.

पण दोन तारखेचं काय?

संध्याकाळची प्रार्थना मी केली. नीट केली. आधी स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती, मग जगासाठी, देशासाठी आणि आजारी असलेल्या सर्वांसाठी विनंती. आटोपशीर. आई म्हणाली, "छान झाली." बाबा म्हणाले, "लवकर झाली." आजीने पाटी हातात घेतली आणि काही न लिहिता ठेवून दिली.

सोमवार, २७ ऑक्टोबर

ऑफिसला निघत होते, तर दारात शेजारचे कोंडीरामकाका. पालिकेतून रिटायर झालेले, हातात काठी.

"काय गं, काल आमचं नाव आलं नाही."

मला कळेना. "कुठे काका?"

"कुठे म्हणजे? प्रार्थनेत. परवा नाही, काल नाही. राधा म्हणते, काही चुकलं का आपलं?"

"पण काका, तुम्ही तर देव मानत नाही."

"नाहीच मानत. आम्ही बुद्धाची माणसं, देवबिव आमच्यात नाही. तो प्रश्न वेगळा. गुडघा का वगळला ते सांग."

"मी आजारी असलेले सर्व म्हटलं ना. त्यात आलं सगळं."

"सर्व!" काका काठी आपटून म्हणाले. "सर्वमध्ये कोण येतं? सर्व म्हणजे कोणी नाही."

मागून श्रेया दात घासत ऐकत होती. तिला इतकं हसू आलं की पेस्ट उडाली. मी काकांना आजीचा घसा आणि रविवारची पंचाईत सांगितली. काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हातारीची साक्ष ना? मी देतो."

आता आली का पंचाईत.

बुधवार, २९ ऑक्टोबर

पाळकसाहेबांना भेटले. म्हटलं, विश्वास नसलेल्या माणसाने रविवार शाळेत साक्ष दिलेली चालेल का? मला वाटलं, नाही म्हणतील आणि मी सुटेन.

ते म्हणाले, "येशूच्या वधस्तंभाखाली उभं राहून 'हा खरोखर देवाचा पुत्र' म्हणणारा तो रोमन शताधिपती कुठे आपल्या मंडळीचा सभासद होता?" आणि मग, "चहा-बिस्किटं ठेव. त्यांना जिना चढायचाय."

रविवार, २ नोव्हेंबर

आठवेल तसं लिहिते.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सोबत राधाकाकू. वर्गासमोर उभे राहून आधी म्हणाले, "जय भीम." पोरं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली, मग जोरात, "जय भीम!" अपेक्षा घाईने म्हणाली, "जय ख्रिस्त पण, काका." काका म्हणाले, "हां, ते पण घ्या."

"मी तुमचा देव मानत नाही, हे आधी सांगतो. नंतर फसवलं म्हणायचं नाही. मी आलोय मार्थाबाईबद्दल सांगायला. आमचं नवीन लग्न झालेलं, आणि मला क्षय झाला. शिवडीच्या इस्पितळात दाखल केलं. तेव्हा क्षय म्हणजे लोक लांब पळायचे. नळावर राधाने बादली ठेवली की बाकीच्या बायका आपल्या बादल्या सरकवायच्या. कोणी हिच्या हातचा चहा पीत नव्हतं. आमचे पण नाही आणि दुसऱ्यांचे पण नाही."

राधाकाकू म्हणाल्या, "ते कशाला आता?"

"सांगू दे. तर ही खोलीत एकटी. आणि रोज साडेआठला भिंतीपलीकडून आवाज यायचा, कोंडीरामाची छाती बरी कर, राधाला जेवण जाऊ दे. ही भेटायला आली की मला सांगायची, आज पण तुमचं नाव आलं. मी बरा होऊन घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी भिंतीतून ऐकतो तर माझी छाती! मी गेलो तणतणत. म्हटलं, बाई, तुमच्या देवाला माझं नाव सांगायचं नाही. मी असल्या गोष्टींत नसतो."

"मग?" अमितने विचारलं.

"तिने विचार केला आणि म्हणाली, बरं, मग मी हळू सांगते."

वर्ग खो-खो हसला.

"आठवडाभर हळू सांगितलं. मग आमच्या हिनेच मला पाठवलं. म्हणाली, जा, तिला सांगा जरा मोठ्याने म्हणायला, मला ऐकू येत नाही. तेव्हापासून चालू आहे. मध्ये छाती होती, मग पोरांच्या परीक्षा, आता गुडघा."

इथपर्यंत छान चाललं होतं. मग अमितने घोळ केला. "म्हणजे काका, छाती प्रार्थनेने बरी झाली?"

"गोळ्यांनी. मूठमूठ गोळ्या खाल्ल्यात."

"मग प्रार्थनेने काय झालं?"

काकांनी राधाकाकूंकडे पाहिलं. "ही एकटी पडली नाही."

श्रेयाने हात वर केला. महिन्याभरात पहिल्यांदाच. "आणि गुडघा, काका?"

"काही उपयोग नाही. वाढतोच आहे."

"मग तरी तुम्ही का ऐकता?"

"नाव येतं ना," काका म्हणाले आणि बिस्किट उचललं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काल झोप लागली नाही. काय करून बसले मी? मुलांनी काय ऐकलं? की छाती गोळ्यांनी बरी झाली आणि गुडघा प्रार्थनेने बरा होत नाही! सबंध साक्षीत प्रभूचं नाव एकदासुद्धा नाही, वळण नाही, काका जसे होते तसेच आहेत. मला वाटलं होतं, श्रेया निदान हलेल. आता तर तिच्याच म्हणण्याला पुरावा मिळाला. यादी पाळकसाहेबांना सोळाला द्यायची आहे. पाच नावं देईन.

श्रेया अगदी गप्प आहे. अभ्यास सोडून मजल्यावर हिंडते. आज राधाकाकूंकडे, मग वर निलेशदादाकडे. विचारलं तर म्हणते, "काम होतं." मी ओरडले, सहामाहीचे पेपर आलेत, घरोघर कसली कामं? मग वाईट वाटलं. झोपताना तिच्या पायावर चादर घातली. तिने लाथ मारली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज दादरला आमच्या क्लासेसच्या ऑफिसात ॲडमिशनची गर्दी, निघायला उशीर. म्हटलं, आज प्रार्थना बुडणार. बाबा मोठ्याने करत नाहीत, आई लाजते.

जिना चढून गॅलरीत आले तर कोंडीरामकाका आपल्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले, राधाकाकू शेजारी उभ्या. काकांनी मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. आमचं दार लोटलेलं. आतून श्रेयाचा आवाज.

"हे दयाळू बापा, मी श्रेया. आजीचा घसा बसलाय आणि ताई अजून आली नाही, म्हणून मी. तू आहेस की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. पण नावं राहायला नकोत. कोंडीरामकाकांचा गुडघा. आजी नुसता गुडघा म्हणते, पण तो उजवा आहे, मी विचारून घेतलंय. शनिवारी एक्स-रे आहे. राधाकाकूंच्या डोळ्यांत ड्रॉप्स चालू आहेत, त्या घालायला विसरतात, त्यांना आठवण कर..."

"बघ," काका माझ्या कानात म्हणाले, "माहिती ताजी आहे."

राधाकाकू आत गेल्या. ड्रॉप्स घालायला असणार.

मी दार ढकलायला पुढे झाले. तिला सांगायचं होतं, प्रार्थनेत असं बोलत नाहीत, आधी स्तुती करायची असते, देवाला तू आहेस की नाही असं तोंडावर म्हणत नाहीत. काकांनी काठी आडवी घातली.

"थांब जरा. वरचा मजला राहिलाय अजून."

मग मी तिथेच चपला हातात घेऊन उभी राहिले. निलेशदादाचा इंटरव्ह्यू झाला. अपेक्षाला लिफ्टमध्ये भीती वाटते, तेही आलं. जयवंतकाकांपाशी ती अडली. मग म्हणाली, "त्यांना मी विचारलं, ते रडले. एवढंच सांगते."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, वाटतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

श्रेया म्हणाली, "यादीत नाव घाल. पण पाळकसाहेबांना मी आधी स्वतः सांगणार, काय पटतं आणि काय नाही."

मी तिच्यासोबत गेले. मला बाहेर बसायचं होतं, साहेबांनी आत बसवलं. तिने सगळं सांगितलं. साक्षीला वळण नाही, डोळे मिटल्यावर काही दिसत नाही, काही गोष्टींवर अजून शंका आहे. मी जमिनीकडे बघत होते. माझ्या वर्गातली मुलगी, माझी बहीण, आणि हे उत्तर!

साहेबांनी विचारलं, "तू प्रार्थना करतेस असं कळलं. देव तुझं ऐकतो असं वाटतं का?"

ती म्हणाली, "अजून खात्री नाही, साहेब. पण शेजारचे ऐकतात. त्यामुळे खोटं बोलता येत नाही."

साहेब हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मला वाटलं, आता समजावून परत पाठवतील. त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली आणि सगळ्यात वर तिचं नाव लिहिलं. माझ्या यादीत ते शेवटी होतं.

"सुवार्ता," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पण हा वर्ग तूच घे."

का म्हणाले ते कळलं नाही. मी काहीच शिकवलं नव्हतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. सहाही मुलं उभी राहिली. बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "हे प्रभू, तुझी सेविका श्रेया हिला बळ दे," आणि मला समोरच्या बाकाला धरावं लागलं. माझ्या वेळी असं काही झालं नव्हतं. आई रडली. बाबांनी काढलेले सगळे फोटो हललेत, म्हणजे ते पण. शेवटच्या बाकावर काका-काकू बसले होते. गीताच्या वेळी काका उभे राहिले नाहीत, पण पाय ताल धरत होता. डावा.

नंतर श्रेयाला विचारलं, काही वाटलं का? ती म्हणाली, "बिशपसाहेबांचा हात जड आहे." आणि थोड्या वेळाने, "थोडं वाटलं. काय ते विचारू नकोस."

विचारलं नाही. फार कष्ट पडले.

सोमवार, १ डिसेंबर

आजीचा आवाज आला! सकाळी दूधवाल्याला पहिला ऐकवला.

संध्याकाळी साडेआठला सगळे सतरंजीवर. आजीने पदर सावरून "हे दयाळू" म्हटलं, तोवर श्रेया "हे दयाळू बापा, दिवस दिलास" म्हणून पुढे गेली होती.

आजीने डोळे उघडले. "ए, माझं काम मला दे."

"तू रिटायर झालीस, आजी."

"मी इस्पितळातनं रिटायर झाले. इथनं कोणी केलं मला?"

"तुझी माहिती जुनी आहे. निलेशदादाला नोकरी लागली. तू अजून त्याला इंटरव्ह्यूतच बसवशील."

"मग सांगायचं नाही का मला? महिनाभर मुकी होते, बहिरी नव्हते!"

आईने त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला. बाबांनी डेपोतल्यासारखी ड्यूटी वाटून दिली. आपला मजला आजीचा, वरचा आणि खालचा श्रेयाचा. घरातले आई-बाबा आजीकडे.

भिंतीतून काकांचा आवाज आला, "आम्ही कुणाकडे?"

"तुम्ही माझे!" आजी ओरडली. डॉक्टरांनी ओरडू नका म्हटलं आहे.

मी कोणाच्या वाट्याला, हे ठरवायचं राहून गेलं. बाबांच्या लक्षात आलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मागून कसं घ्यायचं? डोळे मिटून बसले. आजीने आमचा मजला संपवला, आणि शेवटी, जरा थांबून, "माझी सुवार्ता" म्हणाली. मग श्रेयाने सुरुवात केली. वरच्या मजल्यापासून नाही, "आधी ताई," असं म्हणून.

मी आमेन दोनदा म्हटलं.